सरपंचाच्या भावाला रस्त्याचं काम मिळू शकतं का?

प्रश्न नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्या गावातल्या सिमेंट रस्त्याचा आहे. काम आधी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात असावं लागतं, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी आणि निविदा. भाऊ ठेकेदार आहे एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. पण त्या कामात सरपंचाचा स्वतःचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला, तर ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 14 नुसार पद जाऊ शकतं. तक्रार नागपूरला जिल्हाधिकाऱ्यांकडे.

खरी गंमत मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्या वहीत, असते. बिल तिच्यावरच निघतं. 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका, तिची प्रत मागा आणि टेप घेऊन रस्त्याची लांबी, रुंदी, कडेची जाडी मोजा. चौकात बोंबलण्यापेक्षा हे बरं. वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीनं केलेला खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दिसतो.