गच्चीवरचा कावळा जागेवर, फूटपाथवरची सावली मात्र घसरते: मॉडेलवरून कॅमेरा ट्रॅक करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वाशीतली तळमजला अधिक तीन अशी सिडको धाटणीची इमारत. समोरच्या फूटपाथवरून गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) धरून बाजूला साधारण २ मीटर चालत घेतलेला ७ सेकंदांचा शॉट. २५ फ्रेम, ४के, एपीएस-सी सेन्सर, १६ मिमीची प्राइम लेन्स. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर संगणकावर बनवलेला राक्षसी कावळा बसवायचाय आणि त्याची सावली अलीकडच्या फूटपाथवर पाडायचीय. साध्या पॉइंट ट्रॅकरने (चित्रातले ठळक बिंदू पकडून कॅमेऱ्याची हालचाल शोधणारं साधन) ०.४ पिक्सेल एरर दाखवली, तरी कावळा सरकतच होता. म्हणून इमारतीचा एक त्रिमित ठोकळा बनवून जिओट्रॅकरमध्ये (असं मॉडेल चित्रावर बसवून कॅमेरा शोधणारं साधन) घातलात. आता कावळा जवळपास स्थिर आहे, पण सावली घसरते, आणि एनएमएमटीची बस मधून गेल्यावर सगळंच ८-९ पिक्सेल उजवीकडे सरकून तिथेच राहतं.

आधी त्या ०.४ च्या आकड्याबद्दल. तो फक्त ट्रॅकरने निवडलेल्या बिंदूंपुरता असतो. त्यातले निम्मे बिंदू गुलमोहराच्या फांद्यांवर आणि दुकानांच्या काचांवर असतील, तर सॉल्व्हर (कॅमेऱ्याचं गणित सोडवणारा भाग) त्यांनाही सामावून घेतो. त्यासाठी थोडी फोकल लेंग्थ वाकवतो, थोडं डिस्टॉर्शन (लेन्समुळे सरळ रेघा वाकणं) बदलतो, आणि आकडा छान दिसतो. काचेतलं प्रतिबिंब काचेच्या पृष्ठभागावर नसतं, काचेमागे खोलवर असल्यासारखं सरकतं. ट्रॅकरला हे कळण्याचा काही मार्ग नाही. हाच शॉट ठाण्याला तलावपाळीवर घेतला असता तर पाण्यातल्या प्रतिबिंबांचे बिंदू त्याने खुशाल जमिनीखाली सॉल्व्ह केले असते. मॉडेलवरून ट्रॅक करताना हा गोंधळ टळतो, कारण आकार आपणच दिलेला असतो आणि प्रोग्रॅमला फक्त कॅमेरा शोधायचा असतो. मात्र यात एक अट दडलेली आहे: कॅमेरा बरोबर बसतो तो जिथे मॉडेल आहे तिथेच. तुमची सावली घसरते ती याच कारणाने, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करू.

१६ मिमी लेन्स, २३.५ मिमी रुंद सेन्सर आणि ३८४० पिक्सेल धरले तर फोकल लेंग्थ पिक्सेलमध्ये सुमारे २६०० येते (१६ ÷ २३.५ × ३८४०). इमारत ३० मीटरवर आहे असं धरू. प्रोग्रॅमने शोधलेला कॅमेरा एखाद्या फ्रेममध्ये डावीकडे ५ सेंमी चुकला, तर इमारतीवर फरक पडतो २६०० × ०.०५ ÷ ३०, म्हणजे ४ पिक्सेलच्या थोडा वर. प्रोग्रॅम कॅमेरा किंचित वळवून हे ४ पिक्सेल भरून काढतो आणि इमारतीवरची वायरफ्रेम (मॉडेलच्या कडांची रेघाळी) बिनचूक बसलेली दिसते. पण तुमची सावली ५ मीटरवर आहे. तिथे तीच ५ सेंमीची चूक २६ पिक्सेल होते. वळवून भरून निघाले ते चारच, उरलेले २२ पिक्सेल सावली खाते. फ्रेमागणिक ही चूक बदलत राहते, म्हणून घसरण.

यावर कीफ्रेम (मॉडेल हाताने नेमकं बसवलेल्या फ्रेम) वाढवून उपयोग नाही. मॉडेलमध्ये जमीन घाला. फूटपाथची कड, पेव्हर ब्लॉकची एक पट्टी, चेंबरचं झाकण, दिव्याच्या खांबाचा बुंधा, झाड असेल तर खोड (पानं अजिबात नकोत). हे सगळं एकाच मेशमध्ये (मॉडेलच्या जाळीत), खऱ्या मापाने आणि इमारतीपासूनच्या खऱ्या अंतरावर. जवळ आणि दूर दोन्ही पकडल्यावर वळणं आणि सरकणं यांची अदलाबदल करायला प्रोग्रॅमला जागाच उरत नाही.

आता मॉडेल किती अचूक हवं? ‘जितकं अचूक तितकं चांगलं’ या उत्तराने कुणी कामाला लागत नाही, तेव्हा हिशेबच करू. इथे खोलीतली (कॅमेऱ्यापासूनच्या अंतरातली) चूक आणि आडवी चूक वेगळ्या वागतात. कॅमेरा २ मीटर सरकतो आणि इमारत ३० मीटरवर आहे, तर १ पिक्सेल फरक पडायला खोलीत सुमारे १७ सेंमी चुकावं लागतं (अंतराचा वर्ग भागिले पिक्सेलमधली फोकल लेंग्थ गुणिले सरकणं: ९०० ÷ ५२००). खिडकीवरचा ४५ सेंमीचा छज्जा गाळलात, तर त्याच्यावरचे पिक्सेल शॉटभरात अडीच पिक्सेलहून जास्त हलतील. १.२ मीटर पुढे आलेली बाल्कनी सपाट भिंत म्हणून सोडलीत, तर ७ पिक्सेल. म्हणजे तुमचा सपाट ठोकळा पुरेसा नाही. छज्जे आणि बाल्कन्या मॉडेलमध्ये घ्यायलाच हव्यात. ग्रिलची नक्षी मात्र घेऊ नका, ती १७ सेंमीच्या आतली आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर नुसता वळला असता, तर खोली कितीही चुकली तरी चाललं असतं.

आडव्या-उभ्या मापाला अशी सवलत नाही. ३० मीटरवर १ पिक्सेल म्हणजे साधारण ११.५ मिलिमीटर. खिडक्यांमधलं अंतर १० सेंमीने चुकलं की सरळ ८-९ पिक्सेलचा फरक. सगळी इमारत एकाच प्रमाणात लहान-मोठी झाली तर ट्रॅक बिघडत नाही, फक्त मापाची एकके बदलतात. उंची आणि रुंदीचं प्रमाण चुकलं की मात्र पिना (मॉडेलचा बिंदू चित्रातल्या जागी टोचून धरणाऱ्या खुणा) एकमेकींना ओढू लागतात: डावा कोपरा बसवला की उजवा सुटतो.

जागा हाकेच्या अंतरावर आहे तर परत जाऊन मोजा. सोसायटीकडे मंजूर नकाशा असला तर अर्धं काम झालं, पण बंद केलेल्या बाल्कन्या त्यात नसतात. लेझर मीटरचा लाल ठिपका उन्हात दिसत नाही. सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर जा. उंचीसाठी जिन्यात एका मजल्याचं माप घ्या, जमिनीपासून जमिनीपर्यंत, स्लॅबसकट. मग मजल्यांनी गुणा आणि जोतं, कठडा, जिन्याची केबिन, टाकी वेगळी मोजा. टाकी तर मॉडेलमध्ये हवीच, कावळा तिच्यावरच बसणार आहे. फोटोग्रामेट्री (अनेक फोटोंवरून त्रिमित मॉडेल बनवणं) करायची असेल तर ६० ते ८० फोटो, शेजारच्या फोटोंत किमान ६० टक्के समान भाग. आलेलं मेश तसंच ट्रॅकरला देऊ नका. काचांवर आणि गुळगुळीत रंगावर त्याला खड्डे-फुगवटे येतात. त्याच्यावर बेतून स्वच्छ, काही हजार पॉलिगॉनचं मॉडेल पुन्हा काढा. मापही त्याला आपोआप येत नाही, एक मोजलेली लांबी द्यावी लागते.

एक गैरसमज वारंवार दिसतो: ट्रॅकर मॉडेलच्या कडा शोधतो असा. जिओट्रॅकरसारखी साधनं मॉडेलच्या पृष्ठभागाखाली येणाऱ्या पिक्सेलची हालचाल पाहतात. म्हणून कोऱ्या भिंतीचा उपयोग शून्य. पावसाच्या ओघळांचे काळे-हिरवे डाग असलेली जुनी इमारत यासाठी सोन्यासारखी. दिवाळीआधी रंगवलेली असती तर तुम्हाला याहून जास्त त्रास झाला असता.

आता बस. बस खालचा भाग झाकते, तिचे पिक्सेल मॉडेलवर पडतात आणि मॉडेल तिच्याबरोबर ओढलं जातं. बस गेल्यावर ते सावरायला हवं होतं, पण तुमचं सरकणं नेमकं ८-९ पिक्सेलचं आहे. खिडकीच्या ग्रिलचे उभे गज साधारण १० सेंमी अंतराने असतील, तर ३० मीटरवर तेही ८-९ पिक्सेलच. म्हणजे मॉडेल बहुधा एक गज पुढे जाऊन अडकलंय, आणि गज एकसारखे असल्याने तिथेही त्याला ‘जुळलं’ असंच वाटतंय. फ्रेम मोठी करून एखाद्या एसीच्या बाहेरच्या युनिटपाशी वायरफ्रेम पाहा, लगेच कळेल.

उपाय असा. बसचा ढोबळ मास्क (ट्रॅकरने दुर्लक्ष करायचा भाग) काढा, कडेने २०-३० पिक्सेल जास्त सोडून, दर ५-६ फ्रेमला हलवत. रोटोइतका (आकृतीची कड फ्रेमागणिक कोरण्याइतका) नेटका नको. तिच्या सावलीलाही झाका. ही हमखास राहते. याशिवाय मॉडेलवरचेच काही पृष्ठभाग कायमचे वगळायचे: दुकानांच्या काचा, वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाल्कन्या, गच्चीवर फडफडणारी निळी ताडपत्री असेल तर ती. हे फ्रेमवर रंगवत बसण्यापेक्षा मॉडेलवरच निवडा (ब्लेंडरमध्ये व्हर्टेक्स ग्रुप करून), म्हणजे शॉटभर आपोआप झाकलेले राहतात. मग बस येण्याच्या आधीची एक आणि ती पूर्ण गेल्यानंतरची एक अशा फ्रेम हाताने पिना लावून नेमक्या बसवा आणि मधला भाग रिफाइन करा (प्रोग्रॅमला पुन्हा जुळवू द्या).

कीफ्रेमच्या बाबतीत हात आखडता ठेवा. १७५ फ्रेमच्या शॉटला पहिली, शेवटची, मधली आणि बसच्या दोन बाजूंच्या दोन इतक्या बास. दर दहा फ्रेमला पिना ओढत बसलात की प्रत्येक ठिकाणी तुमच्या हाताची अर्धा-एक पिक्सेल चूक वेगळ्या दिशेने जाते आणि कॅमेरा थरथरू लागतो. मग लोक कर्व्हवर स्मूद फिल्टर मारतात. तसं करू नका. गिंबलची खरी थरथर प्लेटमध्ये (मूळ चित्रीकरणात) आहे, ती कॅमेऱ्यातून काढलीत की कावळा थरथरलेला दिसेल.

फोकल लेंग्थ ‘बदलती’ ठेवली असेल तर बंद करा. प्राइम लेन्स आहे, एकच स्थिर आकडा शोधू द्या. तोही समोरून सपाट दिसणाऱ्या फ्रेमवरून नको: इमारत तोंडासमोर असली की ‘लेन्स लांब’ आणि ‘कॅमेरा जवळ’ यांत फरकच कळत नाही. कोपऱ्याच्या दोन्ही भिंती दिसतात अशा दोन-तीन फ्रेमवर पिना लावून मग अंदाज घ्या. त्याआधी सेन्सरची रुंदी तपासा. काही कॅमेरा बॉडी ४के घेताना सेन्सरचा मधलाच भाग वापरतात. १.२ पट क्रॉप असेल तर २३.५ नव्हे, १९.६ मिमी. हा एक आकडा चुकला की पुढचं सगळं वाकडं.

डिस्टॉर्शन ट्रॅकच्या आधी काढायचं. १६ मिमीला कठड्याची सरळ रेघ कडेला वाकते आणि सरळ कडांचं मॉडेल तिथे कधीच बसत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी छापून घ्या, पण फ्लेक्सवर नको, तो झोळ खातो. सनबोर्डवर चिकटवून सपाट करा. त्याच लेन्सने, त्याच व्हिडिओ मोडमध्ये, फोकस शॉटइतकाच लांब ठेवून, एफ/११ ला, सव्वा मीटरच्या आसपास अंतरावरून शूट करा. इतक्या रुंद लेन्समध्ये बोर्ड फ्रेम भरणार नाही, म्हणून तो चारही कोपऱ्यांत फिरवून १५-२० ठिकाणचं घ्या. बॉडीतलं लेन्स करेक्शन शॉटच्या वेळी चालू होतं की बंद, तसंच इथेही ठेवा. पुढचा क्रम: सरळ केलेल्या प्लेटवर ट्रॅक, कावळा आणि सावली थोड्या मोठ्या फ्रेममध्ये रेंडर, मग त्यांनाच पुन्हा वाकवून मूळ प्लेटवर. मूळ प्लेट सरळ करून तीच फायनलला वापरू नका, चित्र उगाच मऊ पडतं.

एक गोष्ट आता दुरुस्त होणार नाही, पण पुन्हा शूट करणार असाल तर: इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद. ते प्रत्येक फ्रेम वेगवेगळी सरकवतं आणि ताणतं, म्हणजे लेन्सचा मध्य दर फ्रेमला बदलतो. सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशनही गिंबलवर नको. शटर १/१०० ठेवा. ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली तेही चमकत नाही, ब्लर १/५० च्या निम्मा होतो, आणि हवा तितका ब्लर नंतर घालता येतो. रोलिंग शटरचा (सेन्सर एकदम नव्हे, ओळीमागून ओळ वाचला जाण्याचा) हिशेब असा: सेन्सर वाचायला २० मिलिसेकंद लागत असतील आणि चित्र फ्रेममागे १२ पिक्सेल सरकत असेल, तर ४० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये वरचं टोक आणि खालचं टोक यांत ६ पिक्सेलचा तिरकेपणा येतो. ताठ मॉडेल तो कधीच भरून काढू शकत नाही. म्हणून सावकाश चाला.

तपासताना वायरफ्रेमवर विसंबू नका, डोळा तिला माफ करतो. मधल्या फ्रेमचं चित्र मॉडेलवर प्रोजेक्ट करा आणि शॉट चालवा. जिथे पोत सरकतो तिथे एकतर मॉडेल चुकलंय किंवा मास्क. त्याबरोबर टाकीवर एक आणि फूटपाथवर सावलीच्या जागी एक असे चौकड्यांचे दोन ठोकळे ठेवा. वरचा स्थिर आणि खालचा हलता असेल तर जमिनीचं मॉडेल पुन्हा मोजा. दोन्ही एकाच दिशेने हलत असतील तर फोकल लेंग्थ किंवा डिस्टॉर्शन पाहा.

हे करूनही सावली हललीच, तर फ्रेम १, ८८ आणि १७५ वायरफ्रेमसकट इथे टाका, आणि बॉडीचं मॉडेल व ४के मोड लिहा. क्रॉप आहे की नाही ते त्यावरून कळेल.