कृतज्ञतेची वही आणि ‘मुळं’

विट्याजवळच्या एका शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना त्या एक वही घालायला सांगणार आहेत. दिवसभरात घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी मुलांनी रोज रात्री त्यात लिहायच्या. हाती आलेल्या कागदावर या उपक्रमाचं नाव ‘कृतज्ञतेचा सराव’ असं आहे. बाई विचारतात, हे मराठी बरोबर आहे का? मुलांना घरचा वाटेल असा एखादा शब्द आहे का? आणि निम्मा वर्ग ‘कृतज्ञ’ लिहायला सांगितलं की ‘कृतघ्न’ लिहितो, त्याचं काय करायचं?

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेतो. कृत म्हणजे केलेलं. ते जाणतो तो कृतज्ञ आणि ते मारून टाकतो तो कृतघ्न. यातला ‘घ्न’ हन् धातूचा, म्हणजे शत्रुघ्नातला. ‘ज्ञ’ हा ज्ञा धातूचा, म्हणजे सर्वज्ञातला. मुलांची चूक कानातून येते. हिंदी बोलणारा ज्ञचा उच्चार ‘ग्य’ करतो, आपण ‘द्न्य’ करतो. त्यामुळे ‘कृतद्न्य’ आणि ‘कृतघ्न’ आपल्या कानाला जुळे भाऊ वाटतात. फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर ‘शत्रुघ्न’ लिहून ठेवा, मुलं आपोआप वेगळं करतील.

आता ‘सराव’. व्याकरणात काही चूक नाही, तरी मला तो शब्द इथे रुचत नाही. सराव पाढ्यांचा असतो, लेझमीचा असतो, तालमीत डावांचा असतो. हात बसावा, पुढे चारचौघांत करून दाखवता यावं, म्हणून सराव. कृतज्ञतेला मराठीनं जी क्रियापदं जोडली आहेत ती बघा. आभार मानतात (आणि ते नेहमी अनेकवचनी असतात, एक आभार कुणी मानत नाही). धन्यवाद देतात. कृतज्ञता व्यक्त करतात. उपकार स्मरतात किंवा फेडतात. ऋणात राहतात. हल्ली ‘आभार व्यक्त करतो’ असं सर्रास ऐकू येतं, तेही टाळावं. आभार मानायचे आणि कृतज्ञता व्यक्त करायची, हा भेद भाषेनं सांभाळलाय तो आपणही सांभाळू.

आणि या सगळ्यांपेक्षा जुना, घरचा, मऊ शब्द आहे ‘जाण’. जाण ठेवतात.

बाई, तुम्हाला हवा तो शब्द हाच, असं मला मनापासून वाटतं. कृतज्ञमधला ‘ज्ञ’ आणि ‘जाण’ एकाच ज्ञा धातूचे. म्हणजे कृतज्ञतेचं मराठी भाषांतर शोधायची गरजच नव्हती, ते शेकडो वर्षं आपल्या तोंडात आहे. माझं आजोळ कोरेगाव तालुक्यातलं. तिथे एखाद्या मुलाचं कौतुक करताना ‘हुशार हाय’ म्हणायचे, ‘कामाचं हाय’ म्हणायचे, पण सगळ्यांत वरचं कौतुक म्हणजे ‘पोरगं जाण ठेवून हाय’. यात शिक्षण आलं, स्वभाव आला, पुढे म्हातारपणी हे आपल्याला विचारील हा विश्वासही आला. शिवाय ‘ठेवणं’ हे क्रियापद किती नेमकं आहे! आभार मानून झाले की संपतात. जाण ठेवलेली राहते. दिव्यात तेल आहे की नाही बघावं तसं तिच्याकडे अधूनमधून बघावं लागतं.

आपल्याकडे घरात, भावकीत, शेजारात आभार का मानत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. सातारा-सांगलीकडे कुणी मदत केल्यावर तुम्ही आभार मानायला लागलात तर समोरचा दुखावतो. ‘आभार मानून परकं करताय व्हय?’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. आभार या शब्दात ‘भार’ आहे. तो उतरवून मोकळं झालं की हिशेब मिटला, माणसं आपापल्या वाटेला. समारंभात ते योग्यच आहे, तिथे हिशेब मिटायलाच हवा. घरात मात्र हिशेब थोडा उघडा राहावा लागतो, त्यावर नातं चालतं.

मग शब्दाऐवजी काय करतात? माझ्या आजीचं एक वाक्य होतं, ‘मोकळी वाटी माघारी जाऊ नी, बाळा.’ शेजारच्या काकूंनी वाटीभर खीर धाडली की ती वाटी धुऊन फडताळात राहायची. दोन-चार दिवसांनी तिच्यात मूठभर घेवडा, गुळाचा खडा, परसातल्या चार मिरच्या, असं काहीतरी घालून मी ती पोचवायचो. काही नसलं तर चिमूटभर साखर. आजीनं काकूंना ‘धन्यवाद’ म्हटल्याचं मला एकदाही आठवत नाही. त्या वाटीच्या फेऱ्या मात्र ती असेपर्यंत चालू होत्या.

शेतातही तेच. ‘पैरा’ हा शब्द आपल्या भागातल्या मुलांना अजून माहीत असेल. आज तुमच्या रानात भांगलायला आम्ही येतो, परवा आमच्यात तुम्ही या. आणि पैरा ‘फेडतात’. हे फेडणं मोठं देखणं क्रियापद आहे. मुळात त्याचा अर्थ गाठ सोडणं, गुंडाळलेलं सोडवणं. म्हणून लुगडं फेडतात, कर्ज फेडतात, नवस फेडतात, आईबापाचे पांग फेडतात. जिथे जिथे माणूस कुणाशी बांधला गेलाय तिथे तिथे हे क्रियापद येतं. ‘उतराई होणं’ त्याचंच भावंड, ओझं उतरवणं. पण तुकोबा संतांच्या उपकारांबद्दल बोलताना विचारतात, ‘काय द्यावें त्यासी व्हावें उतराई’, आणि पुढच्याच चरणात सांगतात की पायी जीव ठेवला तरी तो थोडाच. काही गाठी फेडायच्या नसतात हे त्यांनी त्या एका ओळीत सांगून टाकलं.

आपला बेंदूर घ्या. विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावणातल्या अमावास्येला, आपल्याकडे बेंदूर आषाढातच होतो. आदल्या दिवसाच्या विधीचं नाव खांदमळणी. बैलाच्या खांद्यावर जिथे वर्षभर जू बसतं, जिथे कातडी घट्टावते, बरोबर तिथे तूप-हळद चोळायची. शिंगं रंगवणं, झूल घालणं हे दुसऱ्या दिवशी, मिरवणुकीसाठी. जाण आहे ती आदल्या संध्याकाळी, गोठ्यात, कुणी बघत नसताना, नेमक्या दुखऱ्या जागी ठेवलेल्या हातात. मुलांना कृतज्ञता समजावायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. आता कित्येक घरी बैल नाहीत, तरी शब्द तरी मुलांच्या कानावर पडू द्या.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीतल्या मुलांच्या घरी अजून बोलला जात असेल. लष्कराच्या जवानांनी लोकांना बोटीतून बाहेर काढलं, तेव्हा एका बाईंनी बोटीतच वाकून जवानांच्या पायांना हात लावला. ते चित्रीकरण त्या दिवसांत सगळ्यांनी पाहिलं. तिथे आभार, धन्यवाद, कृतज्ञता यांतला कुठलाच शब्द नव्हता. ‘पाय धरणं’ हा वाक्प्रचार आपण गयावया करण्यासाठी वापरतो. त्या बोटीत त्याचा दुसरा अर्थ दिसला.

एक काळजी मात्र घ्या, कारण इथे एक निसरडी जागा आहे. जाण असलेला आणि मिंधा यांत फार अंतर आहे. मी सातवीत असताना गरजू मुलांना वह्या वाटल्या गेल्या. आम्हा मुलांना व्यासपीठावर ओळीनं उभं केलं आणि एकेकाला देणगीदारांचे आभार मानायला लावले. वह्यांची मला खरंच गरज होती आणि देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण त्या दिवशी मला जे वाटलं त्याला मराठीत ‘मिंधेपण’ म्हणतात. मान वर होत नव्हती. जाण माणसाला ताठ उभं करते, मिंधेपण वाकवतं. म्हणून विनंती आहे, ही वही मुलांकडून वर्गात मोठ्यानं वाचून घेऊ नका. ज्याला वाचायची असेल तो वाचील.

आता त्या वहीतल्या तीन गोष्टींबद्दल. ही रीत मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिली, २००५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना पुढचे सहा महिने अधिक समाधानी वाटत राहिलं. पण तुमच्या कागदावर अर्धीच सूचना उतरलेली दिसते. त्या लोकांना प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली, तिचं कारण काय, हेही लिहायचं होतं. माझ्या मते सगळा जीव त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. ‘आज डब्यात शेंगदाण्याची पोळी होती’ ही झाली नोंद. ती का होती, हे विचारलं की पहाटे उठलेली आई दिसते.

आणि हे विचारायला मराठीत एवढासा शब्द तयार आहे. ‘मुळे’, आपल्याकडचा ‘मुळं’. हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’ या नामापासून आलंय. ‘तुमच्यामुळं झालं बघा’ म्हणजे या गोष्टीच्या मुळाशी तुम्ही आहात. आपल्या भागातल्या माणसाच्या तोंडी कृतज्ञता येते ती बहुतेक वेळा याच वाक्यात, ‘धन्यवाद’मध्ये नाही. साताऱ्यात जुन्या पिढीतली कितीतरी माणसं ‘अण्णांमुळं शिकलो’ एवढंच म्हणतात आणि थांबतात. अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या ‘मुळं’मध्ये हे सगळं मावतं.

याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि डॉ. श्रीराम लागूंनी पुढाकार घेऊन, नाटकाचे प्रयोग लावून पैसा उभा केला आणि पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देणारा निधी सुरू केला. त्याला नाव दिलं ‘सामाजिक कृतज्ञता निधी’. भाषणातल्या शेवटच्या पाच मिनिटांत अडकलेल्या शब्दाला त्यांनी कामाला लावलं, म्हणून मला ते नाव फार आवडतं.

‘मुळं’चा आणखी एक गुण आहे. दोष द्यायलाही आपण तोच वापरतो. ‘तुझ्यामुळं एसटी चुकली.’ मुलं हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणत असतील. तोच शब्द, तेच बोट, फक्त वळवायचं दुसरीकडे. त्यामुळे त्यांना नवं काही शिकवावंच लागणार नाही.

खरं तर अशी वही आपल्याकडे होती, फक्त ती कागदावर नव्हती. जात्यावर बसलेली बाई ‘पहिली माझी ओवी’ म्हणून सुरुवात करायची. मग दुसरी, मग तिसरी. एकेक ओवी एकेकाच्या नावानं, देवाच्या, आईबापाच्या, भावाच्या. पहाटेच्या अंधारात दळण होईस्तोवर ज्यांच्या ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांची मोजणी चालायची. तुमच्या मुलांपैकी एखाद्याच्या पणजीला त्या अजून पाठ असतील.

राहिला ‘सराव’ला पर्याय. मला विचाराल तर ‘वसा’. कहाण्यांमध्ये वसा देताना बजावतात, ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको.’ दूध उतू जातं तसं माणूस सुखात उतू जातो, मातला की आपल्याला हे कुणी दिलं ते विसरतो. म्हणजे वशाच्या अटीतच कृतज्ञता घातलेली आहे. ‘जाणिवेचा वसा’ म्हटलं तर जड होईल, मुलं घाबरतील. वहीवर नुसतं ‘कुणामुळं?’ एवढंच लिहा, प्रश्नचिन्हासकट. आणि रोजची सक्ती नको. सोन्या ल्युबोमिर्स्की या संशोधिकेच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. रोज लिहिलं की हात चालतो, मन चालत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधीची दहा मिनिटं पुरतील.

पहिल्या आठवड्यात तर काही लिहायलाच सांगू नका. घरी जाऊन दोन गोष्टी विचारून यायला सांगा. शेजारची वाटी परत देताना आपल्यात काय घालतात? आणि पैऱ्याला आपल्यात काय म्हणतात? विटा, आटपाडी, जत, तासगाव, दर दहा कोसांवर शब्द बदलतो. मुलांनी आणलेली उत्तरं मलाही धाडा, मी गावाच्या नावासकट टिपून ठेवतोय.