मोहर सॉल्टचं यील्ड 75 टक्केच का?

प्रश्न : कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये 7 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 3.5 ग्रॅम अमोनियम सल्फेट घेऊन मोहर सॉल्ट (या दोन्हींचं मिळून बनणारं हिरवट मीठ) केलं. स्फटिक भरले 7.4 ग्रॅम. अमोनियम सल्फेट निम्मंच होतं, म्हणून तेच लिमिटिंग रिएजंट (आधी संपणारा पदार्थ) धरलं, तर सरांनी चूक काढली. बाकीचं मीठ गेलं कुठे? आणि शेजारच्या गटाला 104 टक्के यील्ड (शक्य तेवढ्या मिठापैकी प्रत्यक्ष हाती आलेलं) कसं आलं?
— अकरावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तराजूवर कमी भरतं तेच आधी संपतं असं नाही. आधी मोल काढा, म्हणजे ग्रॅमला मोलर वस्तुमानाने (एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने) भागा. बाटलीतलं हिरवं फेरस सल्फेट सात पाण्याचं असतं (स्फटिकात दर फेरस सल्फेटमागे पाण्याचे सात रेणू), त्याचं मोलर वस्तुमान 278. म्हणजे 7 ÷ 278 = 0.0252 मोल. अमोनियम सल्फेट 3.5 ÷ 132 = 0.0265 मोल. प्रमाण एकास एक, तेव्हा आधी संपतं फेरस सल्फेट. इथे बरेच जण पाणी विसरून 152 ने भागतात. मग उत्तर 0.046 येतं आणि अमोनियम सल्फेट कमी पडल्यासारखं दिसतं.

मोहर सॉल्टचं मोलर वस्तुमान 392. म्हणून जास्तीत जास्त 0.0252 × 392, म्हणजे सुमारे 9.87 ग्रॅम मिळू शकतं. तुमचं यील्ड 75 टक्के, आणि ते वाईट नाही.

उरलेलं मीठ गाळलेल्या पाण्यात आहे. खोलीच्या तापमानाला 100 मिलि पाण्यात हे मीठ साधारण 26 ग्रॅम विरघळतं. तुमच्याकडे 10 मिलि द्रावण उरलं असेल, तर अडीच ग्रॅमच्या आसपास त्यातच राहिलं. म्हणून पाणी सुरुवातीलाच बेताचं घ्या. आटवताना काचकांडी बुडवून बाहेर काढा आणि तिच्यावर फुंकर मारा; पातळ पापुद्रा धरला की ज्योत बंद. मग बशी हलवू नका, ढवळू नका. पुरती थंड झाल्यावरच गाळा. स्फटिक पाण्याने धुतलेत तर तेवढे विरघळून जातील, थोड्या गार अल्कोहोलने धुवा.

यील्ड वाढवायच्या नादात कोरडं होईपर्यंत मात्र आटवू नका. जास्तीचं अमोनियम सल्फेटही मिठात येतं, आणि फेरस लोह फेरिक होऊन हिरव्याचं पिवळट-तपकिरी होतं. त्यासाठीच तर सुरुवातीला 2-3 मिलि विरल सल्फ्युरिक आम्ल घालतात. मुळातलं फेरस सल्फेटच तपकिरी पडलेलं असेल, तर 7 ग्रॅम हा आकडाच खरा नाही. ते वापरू नये.

शेजारच्या गटाचे 104 टक्के बहुतेक ओल्या स्फटिकांचे आहेत. फिल्टर पेपरच्या घड्यांत दाबा, वजन करा, पुन्हा दाबा. लागोपाठची दोन वजनं सारखी आली तरच तो आकडा वहीत लिहा. ओव्हनमध्ये ठेवू नका. मिठाच्या आतली सहा पाणीही उडू लागतात, आणि मग यील्ड उगाचच कमी दिसतं.