वाचक विचारतात : हृदयरुग्ण आणि सिस्टर

प्रश्न : वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. डिस्चार्ज देताना सिस्टरांनी रोज वजन करून वहीत लिहायला सांगितलं. डॉक्टर याबद्दल काही बोलले नव्हते. एवढी गरज आहे का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आहे, गोळ्यांइतकीच. हृदय कमी पडलं की मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पायावर बोट दाबून खळगा पडायला लागतो तोवर काही लिटर साचलेलं असतं. काटा ते आधी सांगतो.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज तशाच हलक्या कपड्यांत वजन करा. काटा फरशीवर हवा. सतरंजीवर ठेवला तर आकडा चुकतो. दवाखान्यातला आकडा धरू नका, घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या काट्यावर आलेला आकडा पाया माना. तीन दिवसांत २ किलो वाढलं, झोपताना एका उशीच्या दोन लागू लागल्या किंवा रात्री धाप लागून जाग आली, तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वजन भराभर उतरून उभं राहताना चक्कर येत असेल तर तेही कळवा, लघवीची (अंगातलं जादा पाणी काढणारी) गोळी जास्त होत असेल. ही गोळी सकाळी घ्यायची. दुसरा डोस असेल तर साधारण दुपारी चारपर्यंत, नाहीतर रात्रभर संडास-बाथरूमच्या फेऱ्या आणि अंधारात पडण्याची भीती.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं जेवण मिळून सपाट एक चहाचा चमचा. नाशकात रविवारी मिसळ टाळणं अवघड, मान्य. पण रस्सा, फरसाण आणि पापड, तिन्ही खारट. सैंधवही मीठच. ‘लो सोडियम’ मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही हृदयाची औषधं चालू असताना ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकही अंगात पाणी साठवते.

प्रश्न : आईची डिगॉक्सिनची गोळी सिस्टरांनी दोनदा दिलीच नाही. नाडी कमी आहे म्हणाल्या. हा निष्काळजीपणा नाही का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : उलट, हीच काळजी. डिगॉक्सिन हे हृदयाचे ठोके मंद करणारं औषध. ते देण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. ठोके अनियमित असतील तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा फसवा येतो. मोठ्या माणसात ठोके ६० च्या खाली असले की गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं, हा रिवाज आहे. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलं किंवा मूत्रपिंडं मंदावली, तर नेहमीचाच डोस विषारी ठरतो. भूक मरणं, मळमळ, पिवळसर दिसणं ही त्याची लक्षणं. ‘दवाखान्याचं जेवण जात नाही’ म्हणून नातेवाईक हे सोडून देतात. ते सिस्टरांच्या कानावर घाला. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

प्रश्न : अँजिओप्लास्टीनंतर मनगटावरचा पट्टा फार आवळतो. सैल केला तर चालेल?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही. मनगटाच्या धमनीतून नळी घातलेल्या जागेचं रक्त तो थांबवतो. पट्ट्यातली हवा सिस्टर थोडी थोडी काढतात. रक्त आलं तर पुन्हा भरतात. बोटं बधिर, निळी किंवा गार पडली तर लगेच हाक मारा, कारण फार आवळल्यास धमनी बंद पडू शकते. घरी गेल्यावर रक्त आलं तर बसून बोटाने थेट त्याच जागी दाबून धरा, दोरी बांधू नका. थांबलं नाही तर दाबलेलं ठेवूनच १०८ ला फोन करा.

प्रश्न : छातीत दुखत असताना डॉक्टर येण्याआधीच सिस्टर ईसीजी का काढतात?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : पहिला ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघावा, असा दंडक आहे. त्याच वेळी त्या औषधं विचारतात. सिल्डेनाफिलसारखी शक्तीची गोळी गेल्या २४ तासांत घेतली असेल आणि जिभेखाली छातीदुखीवरची सॉर्बिट्रेट दिली, तर रक्तदाब कोसळतो. त्याच प्रकारची टाडालाफिल असेल तर ४८ तास धरा. संकोच वाटला तर नातेवाइकांना बाहेर पाठवा, पण सांगा.