बुद्धी वाढवणारी गोळी खरंच असते का?

तुम्ही विचारलंय की मेंदूतली रसायनं बदलणाऱ्या गोळ्यांनी बुद्धी वाढते का, आणि ते सुरक्षित आहे का. स्पर्धा परीक्षेसाठी मोडाफिनिल ही झोप उडवणारी गोळी घ्यावी का, हा त्यामागचा खरा प्रश्न दिसतोय. सांगलीत विश्रामबागेत माझं मेडिकल आहे. परीक्षा जवळ आली की मोबाईलवरचा स्क्रीनशॉट हळूच काउंटरवर सरकवणारी मुलं येतात, म्हणून प्रश्न ओळखीचा आहे. या गोळीवर जागरण निभतं. बुद्धी वाढलेली मी तरी पाहिली नाही.

माझा भाचा एमपीएससीसाठी आमच्याकडे राहायला होता. मामाचं मेडिकल असून गोळी मात्र त्याने अभ्यासिकेतल्या मित्राकडून आणली. मी दिली नसती, हे त्याला ठाऊक होतं. रात्री दहाला घेतली. सकाळी सहाला दूध तापवायला उठलो तर पठ्ठ्या ताठ बसलेला. "मामा, एक डुलकी नाही!" पुस्तक हातात घेतलं. राज्यपालांचं प्रकरण, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं पिवळं. हायलायटर कोरडा पडल्यावर पुढे पेनाने रेघा. अख्ख्या रात्रीत एवढं एकच प्रकरण! समोरच्या भडंगाला हातही लावला नव्हता. दुपारभर डोकं धरून बसला आणि दुसऱ्या रात्रीही उशिरापर्यंत टक्क जागा. बारा-पंधरा तासांनीसुद्धा या औषधाचा निम्मा अंश अंगात असतो, त्याचा हा प्रताप.

पुढे 2023 साली 'सायन्स ॲडव्हान्सेस' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि ते पिवळं पानच आठवलं. 40 धडधाकट तरुणांना कधी मोडाफिनिल, कधी मिथाइलफेनिडेट, कधी डेक्सअँफेटामिन (ही दोन्हीही तरतरी आणणारी औषधं), तर कधी औषध नसलेली गोळी देऊन कोडं घातलं: पिशवीत ठराविकच वजन मावतं, तर कुठल्या वस्तू भरल्या म्हणजे जास्तीत जास्त किमतीचा माल नेता येईल? औषध घेतल्यावर खटाटोप वाढला, वस्तू जास्त वेळा आतबाहेर झाल्या, पण निवड बिघडली. एरवी जे सरस होते, तेच बरेचदा सरासरीखाली घसरले.

डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं; मिथाइलफेनिडेट ती पेशीत परत शोषली जाऊ देत नाही, त्यामुळे ती दोन पेशींमधल्या फटीत रेंगाळतात. मोडाफिनिलही डोपामिनचीच परतवाट अडवतं. कपाळामागच्या मेंदूला डोपामिन लागतं ते गुऱ्हाळात काहिलीला जाळ लागतो तसं. जाळ कमी पडला तर गूळ धरत नाही, जास्त झाला तर करपतो. ज्याचा जाळ मुळातच बरोबर आहे, त्याने आणखी चिपाडं कशाला सारायची? एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्याची गोष्ट वेगळी, त्याला मिथाइलफेनिडेटचा खरंच उपयोग होतो.

आता सुरक्षिततेचं. मोडाफिनिल हे दिवसा अनावर झोप येते त्या आजारावरचं औषध; अमेरिकेत 1998 साली त्याला मंजुरी मिळाली. डोकेदुखी, मळमळ, घालमेल या नेहमीच्या तक्रारी. क्वचित अंगावर पुरळ उठून कातडी सोलवटते आणि जिवावर बेततं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ते कमी करतं, हे मुलींना कुणी सांगत नाही. मिथाइलफेनिडेटने नाडी आणि रक्तदाब वाढतो, चटक लागू शकते. आपल्याकडे ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं ते उगाच नाही.

(दहावीच्या मुलांच्या आया शंखपुष्पीचं सिरप मागतात. ते मी देतो. निदान साखर तरी पोटात जाते.)

लहानपणापासूनच तुमचं लक्ष कशात टिकत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला एकदा दाखवा. सांगलीकडचे असाल आणि त्यांनी तपासून चिठ्ठी दिली, तर घेऊन या, औषध मी स्वतः मागवून देईन. स्क्रीनशॉट मात्र चालणार नाही.