पहिला पगार आणि साठीची सोय

भाऊ, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी लागली, अभिनंदन. साठी अजून ३६ वर्षं दूर, म्हणून तू हसशील. पण एक हिशोब कर. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. आज महिन्याला ३०,००० लागत असतील, तर ३६ वर्षांनी तेच घर चालवायला २ लाख ४० हजार लागतील. दुप्पट, चौपट, आठपट!

सगळ्यात आधी पीएफला, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या भविष्य निर्वाह निधीला, हात लावू नको. हिंगण्याची पहिली नोकरी सोडली तेव्हा मी सगळा पीएफ काढून मोटरसायकल घेतली होती. गाडी केव्हाच भंगारात गेली. तू नोकरी बदललीस तर यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेव आणि रक्कम नव्या खात्यात वळव. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढलीस तर कर लागतो. शिवाय पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा मोजतात, तीही तुटते.

पीपीएफ, म्हणजे लांब मुदतीचं सरकारी बचत खातं, पोस्टात उघड, मुदत १५ वर्षं. पैसे ५ तारखेच्या आत भर, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडतं. हे मला फार उशिरा कळलं.

राहिली एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम गुंतवणं. इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) पाचशेपासून सुरू कर, पगार वाढला की वाढव. बाजार पडला म्हणून बंद करू नको. काटोलकडे संत्र्याची कलमं लावणारेही चार-पाच वर्षं फळाची वाट पाहतातच ना?

आणि विमा एजंट काका घरी आले तर चहा पाज, सही करू नको.