डोक्यातली गाठ गेली, डोक्यावरचं कर्ज राहू द्या थोडं

प्रश्न: मी ४३ वर्षांची, ठाण्यात मानपाड्याला राहते. ऐरोलीच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये ११ वर्षं आहे, हातात ९२ हजार येतात. पाच महिन्यांपूर्वी मेंदूच्या आवरणातली गाठ (मेनिन्जिओमा) शस्त्रक्रिया करून काढली. गाठ साधी निघाली. पण दुपारी दोननंतर एक्सेलच्या ओळी एकमेकींत मिसळतात. रजा संपल्या, सध्या बिनपगारी आहे. एचआर म्हणतं, एक तारखेपासून पूर्ण वेळ या, नाहीतर राजीनाम्याचं बघा. क्रिटिकल इलनेस पॉलिसीचे २५ लाख मिळालेत. गृहकर्ज ३२ लाख बाकी आहे, साडेआठ टक्के, १५ वर्षं, हप्ता ३१,५००. मिस्टरांचं प्रिंटिंगचं दुकान आहे, सरासरी ४० हजार येतात. मुलगी दहावीत. हप्ता सोडून घरखर्च, क्लास, औषधं मिळून ५५ हजार. पीएफमधून ३ लाख काढावेत, सासूबाई पाटल्या मोडायला तयार आहेत, त्याचे ४ येतील. कर्ज एकदाचं संपवून नोकरी सोडावी असं वाटतं. डोक्यातलं गेलं, आता डोक्यावरचंही जाऊ दे. चुकतंय का?

उत्तर:

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून आधी हसू आलं, मग पत्र रात्री पावणेबाराला पाठवलेलं दिसलं. तुम्हीच लिहिलंय की दुपारी दोननंतर एक्सेलच्या ओळी एकमेकींत मिसळतात. मग एक विनंती. पुढचं वर्षभर पैशाचा कुठलाही निर्णय सकाळी चहानंतर घ्या, आणि सही करण्याआधी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा. कवटी उघडल्यानंतरचा थकवा जखम भरली म्हणून जात नाही. आवाज, घाई, एका वेळी दोन कामं यांनी तो वाढतो. तो आळस नव्हे. घरच्यांनाही हे सांगा.

आता हिशोब. नोकरी सोडली, कर्ज फेडलं, तर घरखर्च ५५ हजार आणि येणारे ४० हजार. महिन्याला १५ हजारांची तूट, आणि ती भरायला हातात काहीच नाही. घर तुमचं असेल, पण घराची भिंत विकून कोणी किराणा भरत नाही. बरं, उद्या गरज पडली म्हणून पुन्हा कर्ज मागायला गेलात तर बँक पगाराची स्लिप मागेल. म्हणजे २५ लाख घरात घालणं सोपं, त्यातले पाच परत काढणं महाकठीण.

दुसरं टोक, म्हणजे एक तारखेला पूर्ण वेळ रुजू होणं, मला याहून धोक्याचं वाटतं. माझे एक क्लायंट कोपरीचे. मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेनंतर सातव्या आठवड्यात हौसेने ऑफिसला गेले. तिसऱ्या महिन्यात विवरणपत्रात मोठी चूक झाली, मेमो मिळाला, मन खचलं, राजीनामा दिला. आणखी सहा महिन्यांनी प्रकृती छान सुधारली, तेव्हा हातात नोकरी नव्हती. त्यांची बुद्धी कुठे गेली नव्हती, फक्त घाई झाली.

तिसरा पर्याय तुम्ही एचआरला विचारलेलाच दिसत नाही: सहा महिने अर्धं काम, अर्धा पगार. आठवड्याला तीन दिवस, त्यातला एक घरून, आणि महिनाअखेरच्या क्लोजिंगमधून सुटका. अर्धा पगार धरा ४६ हजार. मिस्टरांचे ४० मिळून ८६ हजार. खर्च आणि हप्ता मिळून ८६,५००. पाहिलंत? कर्जाला हात न लावता घर जवळजवळ चालतं. सध्या गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली असेल, आणि फिटच्या गोळ्या चालू असताना ती मोडायची नाही, म्हणून रिक्षा-कॅबचे ९ हजार वर धरा. तूट साडेनऊ हजार, सहा महिन्यांत ५७ हजार. २५ लाखांतले हे ५७ हजार मला अजिबात महाग वाटत नाहीत. (रेल्वेने जायचा विचार करू नका, निदान पहिले दोन महिने. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, म्हणायला दोनच स्टेशनं. पण मानपाड्याहून स्टेशन गाठायचं, मग गर्दीतून नऊ-दहा नंबरचा फलाट गाठायचा, यातच दिवसभराची शक्ती संपते.)

कंपनीने हे मान्य करायलाच हवं असा कायदा खाजगी नोकरीत तुमच्या बाजूने नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये, सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला कामावरून काढू नये असं जे कलम आहे, ते सरकारी आस्थापनांपुरतं. तेव्हा भांडून उपयोग नाही, कागद भक्कम हवा. सर्जनकडून नुसतं 'कामास योग्य' असं प्रमाणपत्र आणू नका. त्यात दिवसाला किती तास, रात्रपाळी नाही, किती आठवड्यांनी पुन्हा तपासणी, हे लिहून घ्या. स्मरणशक्ती-एकाग्रतेची न्यूरोसायकॉलॉजी चाचणी झाली नसेल तर रुजू होण्याआधी करा. कोणतं काम आता जड जातंय ते एचआरला आणि तुम्हालाही कळेल. अकरा वर्षांच्या माणसाला सहा महिने सांभाळणं कंपनीलाही नवीन माणूस शिकवण्यापेक्षा स्वस्त पडतं, हा मुद्दा मागणीपत्रात नक्की घाला.

राजीनाम्याने पगाराशिवाय आणखी काय जातं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम जातो. पुन्हा काही उद्भवलं तर तोच आधार आहे. आत्ता बाहेर नवी पॉलिसी मागितली तर मेंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहून कंपन्या नाकारतील, जादा हप्ता लावतील किंवा आधीच्या आजारासाठी कमाल ३ वर्षं थांबवतील. म्हणून नोकरीत असतानाच, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे लेखी विचारा. आधीच्या वर्षांचं श्रेय मिळालं, म्हणजे ती वर्षं थांबण्याच्या मुदतीत धरली गेली, तर फार मोठी गोष्ट. पीएफसोबतचं ईडीएलआय विमासंरक्षणही (नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसांना मिळणारं), जास्तीत जास्त ७ लाखांचं, सेवेत असेपर्यंतच असतं. आधीची टर्म पॉलिसी (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा आयुर्विमा) असेल तर तिचा हप्ता चुकवू नका. आज नवी मिळणं अवघड आहे.

पीएफ मोडायचा विषय मात्र मला पटतच नाही. साडेआठचं कर्ज फेडायला ८.२५ टक्क्यांची करमुक्त ठेव मोडायची? त्यापेक्षा बँकेत जाऊन कर्जाचा दर कमी करून घ्या. २०२५ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला, तुमचा साडेआठ त्या मानाने उतरलेला दिसत नाही. पाऊण टक्का सुटला तरी हप्ता १,४०० च्या आसपास खाली येतो.

मग २५ लाखांचं काय? सहा महिने काहीच नाही. दोन-तीन लाख बचत खात्यात, बाकी मुदत ठेवींत, आणि त्या पाच-सहा बँकांत विभागून, कारण ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच विमासंरक्षण असतं. 'दोघांपैकी कोणीही' अशा सहीने ठेवा, म्हणजे तुम्ही पुन्हा दवाखान्यात असलात तरी मिस्टर बचत खात्यातून, किंवा ठेवीची मुदत संपल्यावर, पैसे काढू शकतील; मुदतीआधी ठेव मोडायला मात्र बँक दोघांच्या सह्या मागू शकते. ठेवीला साडेसहा टक्के धरले तर कर्जाच्या तुलनेत सहा महिन्यांत साधारण २५ हजारांचं नुकसान होईल. ते विम्याचा हप्ता समजून सोसा.

सहा महिन्यांनी एमआरआय स्वच्छ असेल आणि पूर्ण पगार सुरू झाला असेल, तर १० लाख कर्जात भरा. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड घेऊ शकत नाही. पण इथे एक गोष्ट बजावून सांगते: भरल्यावर बँक आपोआप मुदत कमी करते, हप्ता तोच ठेवते. एरवी मीही सगळ्यांना मुदतच कमी करा म्हणते. तुमच्याबाबतीत उलट. लेखी अर्ज देऊन हप्ता कमी करून घ्या, तो आजच्या दरानेही २१,७०० च्या जवळ येईल. पुढेमागे अर्ध्या पगारावर राहायची वेळ आली तर महिन्याचे हे जवळपास दहा हजार घर तगवतील. उरलेले १५ लाख तसेच राहू द्या. समजा, नोकरी नाहीच झेपली, तरी तेव्हा तूट ३७ हजारांच्या आत असेल आणि हे पैसे सव्वातीन वर्षांहून थोडे जास्त पुरतील. मुलीची बारावी त्यात बसते.

विचारलं नाहीत, तरी सांगते. आता घराचा भार दुकानावर आला आहे, आणि मिस्टरांच्या विम्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. त्यांच्या नावे निदान ७५ लाखांची टर्म पॉलिसी या महिन्यातच घ्या. वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, तेवढीच बचत.

आणि सासूबाईंच्या पाटल्यांबद्दलचं ते वाक्य मी वाचलंच नाही असं समजा.